तीन पत्तीचा उगम आणि स्थित्यंतरे : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

‘तीन पत्ती’ या पत्त्यांच्या खेळाचा उगम प्राचीन द्यूतात, गंजिफात किंवा अमेरिकन पोकरमध्ये शोधण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात या तिन्ही समजुतींची चिकित्सा केली असून, खेळाच्या अंतर्गत नियमांच्या आधारे तो इंग्लंडमधील ‘ब्रॅग’ या खेळाच्या कुळातील असल्याचे दाखविले आहे. घर, अड्डा, कॅसिनो आणि मोबाइल या चार टप्प्यांतून जाताना खेळाभोवतीच्या सामाजिक मर्यादा कशा गळून पडल्या, आणि ‘कौशल्य की योग’ ही कायद्याची प्रचलित कसोटी या बदलाचे आकलन करण्यास अपुरी का ठरते, याचाही येथे विचार केला आहे.

बीजशब्द : तीन पत्ती, ब्रॅग, गंजिफा, द्यूत, आखाजी, जुगार प्रतिबंधक कायदा.

१. प्रस्तावना

मराठी लेखनात पत्त्यांचा विषय प्रामुख्याने दोन ठिकाणी भेटतो. एक, बालपणीच्या सुट्टीच्या आठवणींत. तेथे बदाम सात, झब्बू, मेंढीकोट, पाच-तीन-दोन असे खेळ असतात. दोन, वृत्तपत्रांच्या गुन्हेवार्तांत. तेथे तिर्रट, झन्नामन्ना आणि तीन पत्ती असतात. पहिल्या यादीतील खेळांविषयी जिव्हाळ्याने बोलले जाते, तर दुसऱ्या यादीतील खेळांचा उल्लेख जप्त मुद्देमालाच्या तपशिलासह येतो. पत्त्यांचा जोड एकच, खेळणारी माणसेही पुष्कळदा तीच. तरीही एक खेळ निरागस आणि दुसरा गुन्हेगारी ठरतो. ही विभागणी कोणत्या आधारावर होते, हा प्रश्न सांस्कृतिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला वेगळे परिमाण लाभते. जिल्ह्याच्या उत्तरेकडील बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव या अहिराणीभाषक पट्ट्यात आणि लगतच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेचा सण ‘आखाजी’ म्हणून साजरा होतो. त्या दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. आणि पुरुषमंडळी पत्त्यांचा डाव मांडतात. लोकरूढीने सणाचा भाग मानलेला हा डाव कायद्याच्या नजरेत जुगार ठरू शकतो. रूढी आणि कायदा यांच्यातील हा ताण समजून घ्यायचा, तर मुळात हा खेळ कोठून आला आणि वाटेत त्याचे काय झाले, हे पाहणे आवश्यक ठरते.

२. उगमाविषयीच्या तीन समजुती

तीन पत्तीच्या उगमाविषयी तीन समजुती विशेष रूढ आहेत. त्यांपैकी पहिली समजूत या खेळाचा संबंध थेट प्राचीन द्यूताशी जोडते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त आणि महाभारताच्या सभापर्वातील द्यूतप्रसंग हे तिचे आधार. भारतीय समाजाला पणाचे आकर्षण प्राचीन काळापासून आहे, एवढेच या आधारांवरून सिद्ध होते. वैदिक द्यूत बेहड्याच्या फळांनी खेळले जाई. फासे किंवा अक्ष पडताच त्यांचा निकाल सर्वांना एकाच वेळी दिसतो. तीन पत्तीत निकाल पत्ते वाटतानाच ठरलेला असतो, परंतु तो झाकलेला राहतो. आणि त्या झाकलेपणावरच संपूर्ण खेळ उभा असतो. द्यूतात खेळाडू अनिश्चिततेशी झुंजतो, तर तीन पत्तीत तो समोरच्या माणसाच्या चेहऱ्याशी झुंजतो. हा रचनेतील मूलभूत भेद लक्षात घेता दोहोंत वंशसंबंध मानता येत नाही.

दुसरी समजूत गंजिफाची. तिच्यामागे काही वास्तव आहे, कारण युरोपीय पत्ते रुळण्यापूर्वी भारतात पत्त्यांची समृद्ध परंपरा होती. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसन याला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फझलच्या ‘आइन-इ-अकबरी’त अकबराच्या दरबारातील गंजिफाचे वर्णन येते. महाराष्ट्रात या परंपरेचे जिवंत केंद्र म्हणजे सावंतवाडी. तेथील राजघराण्याने, विशेषतः शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही लोप पावत चाललेली कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे १२ पत्ते, म्हणजे एकूण १२० गोल पत्ते असतात. मोगल गंजिफात आठ रंगांचे ९६ पत्ते असतात.

मात्र गंजिफा हा हात जिंकण्याचा खेळ आहे. उतरलेल्या रंगाचा वरचढ पत्ता हात घेतो; काही रंगांत दश्शी वरचढ, तर काहींत एक्का, हे ध्यानात ठेवावे लागते; कोणते पत्ते पडून गेले याचे स्मरण ठेवणारा जिंकतो. त्यात तीन सारख्या पत्त्यांना, क्रमाला किंवा एकरंगी क्रमाला स्वतंत्र मूल्य नाही. स्मरणशक्तीवर उभा असलेला हा खेळ मेंढीकोट किंवा ब्रिजला जवळचा आहे; तीन पत्तीशी त्याचे नाते ‘पत्ते’ या सामायिक नावापुरतेच.

तिसरी समजूत अलीकडची असून ती तीन पत्तीला ‘भारतीय पोकर’ म्हणते. परंतु पाच पत्त्यांच्या पोकरमध्ये एकाच रंगाचे पत्ते क्रमापेक्षा श्रेष्ठ मानले जातात, तर तीन पत्तीत क्रम रंगापेक्षा श्रेष्ठ असतो. शिवाय पत्ते न पाहता अर्ध्या दराने डाव चालू ठेवण्याची तीन पत्तीतील प्रथा पोकरच्या रूढ नियमांत नाही. पोकरच्या जडणघडणीतही ब्रॅगचा वाटा असल्याचे मानले जाते. त्यामुळे पोकर आणि तीन पत्ती यांचे नाते भावंडांसारखे आहे. एकातून दुसरा जन्मलेला नाही.

३. अंतर्गत पुरावा आणि ब्रॅगचे कुळ

लोकखेळांच्या इतिहासात लिखित साधने तुटपुंजी असतात. अशा वेळी खेळाचे नियम हेच दस्तऐवज म्हणून वाचावे लागतात. ज्याप्रमाणे पाठचिकित्सेत दोन हस्तलिखितांतील समान विकृती त्यांचे नाते उघड करते, त्याचप्रमाणे दोन खेळांतील समान विसंगती त्यांच्या वंशसंबंधाची साक्ष देते.

ब्रॅग हा इंग्लंडमधील जुना खेळ असून एडमंड हॉइल यांची त्यावरील पुस्तिका १७५१ मध्ये प्रसिद्ध झाली. या खेळाच्या नावाचाच अर्थ बढाई मारणे असा होतो. त्याच्या तीन पत्त्यांच्या रूपात प्रत्येकी तीन पत्ते वाटले जातात, पत्ते बदलून मिळत नाहीत, आणि खेळाडू पाहून किंवा न पाहता पैज लावतात. न पाहणाऱ्याने पाहणाऱ्याच्या निम्मी रक्कम लावायची असते. तीन पत्तीतील ‘ब्लाइंड’ आणि ‘सीन’ यांचा नियम हाच होय.

याहून बोलका पुरावा हातांच्या क्रमवारीत सापडतो. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० संच तयार होतात. त्यांपैकी तीन सारखे पत्ते, म्हणजे ट्रेल, ५२ संचांत येतात. एकरंगी क्रम ४८ संचांत, साधा क्रम ७२० संचांत, केवळ एकरंगी पत्ते १,०९६ संचांत आणि जोडी ३,७४४ संचांत येते. उरलेले १६,४४० संच, म्हणजे सुमारे ७४ टक्के, या कशातच बसत नाहीत. दुर्मीळ हात श्रेष्ठ, हे तत्त्व काटेकोरपणे लावले, तर एकरंगी क्रम ट्रेलच्या वर असावयास हवा. प्रत्यक्षात तीन पत्तीत ट्रेल सर्वश्रेष्ठ मानली जाते. आणि नेमकी हीच गणिती विसंगती ब्रॅगमध्येही आहे. तीन एक्के किंवा तीन राजे एकत्र पाहण्यात डोळ्याला जो थाट जाणवतो, त्याला लोकपरंपरेने गणितापेक्षा अधिक मान दिला. दोन खेळांनी एकच उणीव स्वतंत्रपणे निर्माण केली असे मानण्यापेक्षा ती एकाकडून दुसऱ्याकडे आली, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

तिसरा पुरावा नावांचा. भारतात हा खेळ ‘फ्लश’ या नावानेही ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या निकालपत्रात तीन पत्त्यांच्या खेळाचा उल्लेख करताना ‘फ्लश’ आणि ‘ब्रॅग’ ही दोन्ही नावे शेजारी-शेजारी येतात. ही एकाच खेळाची नावे आहेत, याची जाण त्या काळी न्यायालयीन भाषेतही होती. यावरून ब्रिटिश अमलात हा खेळ येथे आला व रुजला, असा निष्कर्ष काढता येतो.

४. देशी रूपांतर

परकी मूळ मान्य केल्याने खेळाचे देशीपण उणावत नाही. भारतीय खेळाडूंनी ब्रॅगमध्ये अर्थपूर्ण बदल केले. ब्रॅगमध्ये एक्का-दुर्री-तिर्री हा क्रम सर्वश्रेष्ठ आणि तीन तिर्र्यांचा हात सर्वांत वरचा मानण्याची प्रथा आहे. तीन पत्तीत एक्का-राजा-राणी हा क्रम वर गेला आणि तीन एक्क्यांना शिखरस्थान मिळाले. लहान पत्त्यांना मिळणारा तो खट्याळ मान येथे टिकला नाही. राजसभेची उतरंड पुन्हा प्रस्थापित झाली. शेजारच्या खेळाडूशी पत्ते गुपचूप ताडून पाहण्याची ‘साइड शो’ची सोयही ब्रॅगमध्ये सहसा आढळत नाही. सर्वांसमोर हरण्याऐवजी दोघांत निकाल लावून एकाने मुकाट्याने पत्ते टाकावेत, ही तडजोडीची रीत ओळखीच्या माणसांच्या बैठकीतच सुचू शकते.

भाषेतही हे मिश्रण दिसते. ‘बूट’, ‘ब्लाइंड’, ‘शो’, ‘पॅक’ या इंग्रजी वळणाच्या शब्दांबरोबर ‘चाल’, ‘डाव’, ‘पिसणे’, ‘वाटणे’ हे आपले शब्द सहज नांदतात. परंतु एक गोष्ट लक्षणीय आहे. मराठीने पत्त्यांवरून जे वाक्प्रचार घेतले, ते मुख्यतः हात जिंकण्याच्या खेळांतले आहेत. ‘हुकमी एक्का’ हे त्याचे ठळक उदाहरण. सगळा देश जो खेळ खेळतो, त्याने प्रतिष्ठित भाषेला फारसे काही दिले नाही. ‘ब्लाइंड खेळणे’ हा प्रयोग बोलण्यात येतो, लेखनात क्वचितच. भाषेचा हा संकोच म्हणजे समाजाच्या नैतिक संकोचाची खूण होय.

रूपांतराचा सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र नियमांबाहेरचा आहे. या परक्या खेळाला येथे सणाची तिथी मिळाली. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला ‘द्यूतप्रतिपदा’ असे जुने नाव आहेच. शिवपार्वतींच्या द्यूताची कथा त्या तिथीशी निगडित आहे. दिवाळीच्या रात्रींत आणि आखाजीच्या दुपारींत जुन्या द्यूताने रिकामी केलेली जागा पत्त्यांनी घेतली. द्यूत आणि तीन पत्ती यांचे खरे नाते हेच आहे. नियम ब्रॅगचे आले, पण मुहूर्त द्यूताचा लाभला.

५. तीन मर्यादा आणि त्यांचा क्षय

घरगुती किंवा पारावरच्या सणाच्या डावाला तीन मर्यादा असतात. पहिली काळाची : सण संपला की डाव मोडतो. दुसरी रकमेची : पैज नाण्यांची, चिल्लर नोटांची, प्रसंगी चिंचोक्यांचीही असते. तिसरी ओळखीची : समोर भाऊ, मेहुणा किंवा शेजारी असतो, हरलेल्याची ऐपत जिंकणाऱ्याला ठाऊक असते आणि जिंकलेला पैसा त्याच वर्तुळात फिरत राहतो.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो व तो गंभीर आहे. ओळखीचे वर्तुळ माणसाला वाचविते, असे म्हणावे, तर हस्तिनापूरच्या सभेत सारे आप्तच होते. पितामह होते, गुरू होते, चुलते होते. तरीही राज्य, भाऊ आणि पत्नी पणाला लागली. या आक्षेपातूनच मुद्दा अधिक स्पष्ट होतो. त्या सभेत पणाला कमाल मर्यादा नव्हती आणि थांबवू शकणाऱ्यांनी थांबविले नाही. विदुराचा निषेध ऐकला गेला नाही. केवळ ओळख पुरेशी नसते; ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार कोणाला तरी असावा लागतो आणि तो शब्द पाळला जावा लागतो. सणाच्या डावातही कर्ज, भांडणे आणि घरातील स्त्रीच्या दागिन्यांपर्यंत पोहोचणारी ओढ घडू शकते. म्हणूनच रूढीचे उदात्तीकरण येथे अभिप्रेत नाही. तिन्ही मर्यादा एकत्र असल्या, तरच हानी आटोक्यात राहते, एवढेच म्हणावयाचे आहे.

या दृष्टीने पाहता खेळाची पुढील वाटचाल म्हणजे एकेक मर्यादा गळून पडण्याची प्रक्रिया ठरते. अड्ड्यावर काळाची मर्यादा जाते. तेथे रोजच दिवाळी असते. शिवाय जागा देणारा प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढून घेतो, म्हणजे न खेळता कमावणारा एक घटक खेळात शिरतो.

कॅसिनोत ओळखीची मर्यादाही जाते. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यांत्रिक जुगाराला आणि १९९६ मध्ये जहाजांवरील टेबलखेळांना वाव मिळाला. मांडवीच्या पात्रातील कॅसिनो-नौका हे त्याचे दृश्य रूप. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनो नियंत्रण व कर कायदा केला होता, पण तो अमलात आलाच नाही व २०२३ मध्ये रद्द करण्यात आला.

कॅसिनोत या कुळातील खेळाचे काय होते, हे ‘थ्री कार्ड पोकर’वरून कळते. डेरेक वेब यांनी १९९४ मध्ये तयार केलेल्या या खेळात खेळाडू इतर खेळाडूंशी खेळत नाही, तो घराशी, म्हणजे कॅसिनोच्या वाटप्याशी, खेळतो. वाटप्याकडे किमान राणी असेल तरच त्याचा हात पात्र ठरतो. येथे हातांची क्रमवारीही दुरुस्त झाली असून एकरंगी क्रम तीन सारख्यांच्या वर गेला आहे. लोकपरंपरेने शतकानुशतके जपलेली विसंगती हिशेबी यंत्रणेने पुसून टाकली. प्रचलित दराने आणि उत्तमोत्तम रीतीने खेळले, तरीही मूळ पैजेच्या सुमारे ३.४ टक्के घराकडे जातात. त्याहून मोठा बदल असा, की या खेळात बढाईला स्थान उरत नाही. वाटप्या ठरलेल्या नियमाने वागतो. तो घाबरत नाही, फसत नाही, दयाही दाखवीत नाही. ज्या गुणावरून ब्रॅगला नाव मिळाले, तो गुणच नाहीसा होतो.

मोबाइलच्या पडद्यावर उरलेल्या मर्यादाही विरघळतात. २०१० च्या दशकात तीन पत्तीची अनेक ॲप्स लोकप्रिय झाली. त्यांपैकी काहींत केवळ आभासी चिप्स असतात. त्या विकत घेता येतात, पण त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. इतरांत प्रत्यक्ष पैशांची देवघेव होती. दोन्हींत जागा बदलावी लागत नाही, डाव काही क्षणांत संपतो आणि पुढचा लगेच सुरू होतो. समोरचा माणूस म्हणजे एक टोपणनाव असते. खेळणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या घरच्यांनाही डाव चालू असल्याचे कळत नाही. ‘आता पुरे’ म्हणणारे कोणी उरत नाही, कारण पाहणारेच कोणी नसते.

६. कायद्याची कसोटी

भारतीय कायद्याने जुगाराचा विचार करताना ‘कौशल्य की योग’ हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ आपल्या कक्षेबाहेर ठेवले. उपर्युक्त सत्यनारायण निकालात सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ मानले, कारण तीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात आणि कोणते ठेवावे, कोणते टाकावे याचा विचार करावा लागतो. तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ योगाचा ठरविला गेला.

पत्त्यांपुरते पाहिले, तर हा निर्णय योग्यच आहे. तीन पत्ते हातात आले, की ते बदलता येत नाहीत. परंतु हा खेळ पत्त्यांइतकाच माणसांचाही आहे. केव्हा वाढवावे, केव्हा टाकावे, समोरचा खरोखर जोरात आहे की आव आणतो, हे ओळखण्यात सरावाचा भाग असतो. तरीही यावरून तीन पत्तीला कौशल्याचा दर्जा द्यावा, असे म्हणता येणार नाही. उलट कौशल्याची कसोटी हानी मोजण्यास किती असमर्थ आहे, हे त्यातून दिसते. निष्णात खेळाडू नवख्याला जितक्या सातत्याने लुबाडू शकतो, तितक्या सातत्याने निव्वळ योग कोणालाच लुबाडीत नाही. कौशल्य असल्याने खेळ निरुपद्रवी होतो, हे गृहीतकच तपासण्याजोगे आहे. याच गृहीतकाच्या आधाराने पैशांच्या ऑनलाइन रमीने आपले समर्थन केले.

वस्तुतः दुसरा प्रश्न कायद्याच्या पोटातच होता. १८८७ च्या कायद्यात पत्त्यांसारख्या खेळांसाठी सार्वजनिक जुगारगृहाची व्याख्या करताना जागा चालविणाऱ्याचा नफा हा घटक विचारात घेतला आहे. सत्यनारायण निकालातही, क्लब किंवा जागेचा मालक खेळातून नफा कमावीत असल्यास गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असे नमूद केले आहे; मग तो खेळ रमी असला तरीही. म्हणजे ‘खेळ कोणता?’ याबरोबरच ‘खेळातून कोण कमावतो?’ हा प्रश्न न्यायालयाने विचारला होता. पुढील चर्चेत पहिला प्रश्न गाजत राहिला आणि दुसरा मागे पडला.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांबाबत कौशल्य आणि योग हा भेदच बाजूला ठेवला. खेळ कोणत्याही प्रकारचा असो, पैसे लावून पैसे मिळविण्याची अपेक्षा असेल, तर तो निषिद्ध ठरविण्यात आला. या कायद्याच्या वैधतेला न्यायालयांत आव्हानही देण्यात आले. जुन्या कसोटीची अपूर्णता या कायद्याने मान्य केली, हे त्याचे महत्त्व. तथापि त्याची कक्षा पडद्यापुरती आहे. परिणामी एकच खेळ सटाण्याच्या अड्ड्यावर गुन्हा, मांडवीतील नौकेवर परवानाप्राप्त करमणूक आणि मोबाइलवर पैशांसह निषिद्ध, पण विकतच्या आभासी चिप्सच्या रूपात मोकळा, अशी स्थिती निर्माण झाली आहे. नियम तेच आणि पत्तेही तेच असताना मूल्यनिर्णय मात्र जागेनुसार बदलतो.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) तीन पत्ती हा खेळ प्राचीन द्यूत, गंजिफा किंवा पोकर यांचा वंशज नसून ब्रॅगच्या कुळातील आहे. तीन पत्त्यांची वाटणी, न पाहता निम्म्या दराने खेळण्याचा नियम आणि ट्रेलला दिलेले गणितबाह्य श्रेष्ठत्व ही त्याची अंतर्गत प्रमाणे होत.

(२) भारतीय समाजाने या खेळाला सणाची तिथी, ओळखीचे वर्तुळ आणि तडजोडीच्या रीती दिल्या. त्याचे देशीपण उगमात नाही, या स्वीकारात आहे. सावंतवाडीच्या गंजिफाचा अभिमान बाळगण्यासाठी तीन पत्तीला तिचा वारस ठरविण्याची गरज नाही.

(३) अड्डा, कॅसिनो आणि मोबाइल या टप्प्यांत काळ, रक्कम व ओळख या मर्यादा क्रमाने नाहीशा झाल्या आणि खेळाडूंच्या बाहेरील लाभार्थी प्रबळ झाला.

(४) ‘कौशल्य की योग’ ही कसोटी खेळाचे वर्गीकरण करते, हानीचे मोजमाप करीत नाही. डाव कधी संपतो, पणाला कमाल मर्यादा आहे काय, आणि न खेळता कोण कमावतो, हे प्रश्न अधिक उपयुक्त आहेत.

आखाजीच्या डावाकडे केवळ रूढी म्हणून डोळेझाक करणे जितके अपुरे, तितकेच त्याला कॅसिनोच्या पंक्तीला बसवून निकालात काढणेही अपुरे आहे. महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याने पत्त्यांचा डाव पारावर पाहिला असेल किंवा नसेल. खिशातील पडद्यावर मात्र तो त्याला हमखास भेटलेला असतो. पारावरच्या डावात उठून जाण्याची वेळ सांगणारे कोणी तरी होते. ते काम पुढे कोणी करावयाचे, हा प्रश्न कायद्याइतकाच कुटुंबांच्या आणि शिक्षणसंस्थांच्याही विचाराचा आहे.